एकेचाळिसावा खिळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे, बिल्ल्यांचा. माझ्या अंगावर चौसष्ट खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याखाली एक आकडा कोरलेला आहे. आज मी आमच्या बेटाच्या बोटीत, दाराशेजारी टांगलेला आहे. मधली दोन वर्षे मात्र मी इथे नव्हतो. ती दोन वर्षे सांगितल्यावाचून माझी कहाणी पुरी होणार नाही.

माझा जन्म एका मरणातून झाला. आमचे बेट लहान. दवाखाना, कचेरी, बाजार सारे समुद्रापलीकडच्या शहरात. बोट सकाळी जायची आणि दुपारी चारला परत निघायची. एका हिवाळ्यात पाल्मा नावाची बाई नवऱ्याला इस्पितळात भेटून धक्क्यावर आली, तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. ती मागे राहिली हे बोटीत कोणाच्याच ध्यानात आले नाही. शहरात तिच्या ओळखीचे कोणी नव्हते. बोट परत येईल या आशेने ती भर पावसात दगडी बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बेटावर आली ती ताप घेऊनच, आणि आठवड्याभरात गेली.

मग आमच्या लोव्रे सुताराने मोडीत निघालेल्या एका होडीच्या फळ्या जोडून मला घडवले. बेटावरच्या प्रत्येक माणसाला त्याने एकेक पितळी बिल्ला करून दिला. नियम साधा होता. सकाळी बोटीत चढताना आपला बिल्ला आपल्या खिळ्याला लावायचा, परतताना काढून खिशात टाकायचा. कोणी शहरात मुक्काम करणार असेल तर त्याने बिल्ला उलटा लावायचा, म्हणजे 'माझी वाट पाहू नका'. चार वाजता एखादा सुलटा बिल्ला उरला, तर बोट सुटायची नाही. कोणीतरी खाली उतरून त्या माणसाला शोधून आणायचे.

लोव्रेचा हात विचारी होता. हातमोजे घातलेली बोटे मध्ये जावीत म्हणून त्याने खिळे दूर दूर ठोकले. अंधारात चाचपून कळावेत म्हणून आकडे खोल कोरले. खाऱ्या हवेत गंजू नयेत म्हणून बिल्ले पितळेचे केले. मला ना दिवा लागत होता, ना वीज.

पन्नासहून अधिक वर्षे मी हे काम केले आणि त्या काळात एकही माणूस मागे राहिला नाही. लोव्रेनंतर त्याचा मुलगा कुझ्मा दर संत निकोलसच्या सणाला मला जवसाचे तेल लावायचा. कुझ्माचा आकडा एकेचाळीस. लोक जाता-येता माझ्यावर हात फिरवत. मला गर्व झाला होता, हे मी लपवत नाही.

मग शहरातून दोरोतेया आली. बोटीसाठी संगणकाची नवी व्यवस्था व्हायची होती आणि ती कशी असावी हे लोकांना विचारून लिहून काढणे हे तिचे काम. मुलगी हुशार आणि मनाने चांगली होती. तिच्या वहीत तीन भाग होते. आमचा कप्तान विच्को याला ते तिने कॉफी पिता पिता समजावले.

"कॅप्टन, पहिल्या भागात 'कशासाठी'. हे सगळं मुळात करायचं कशाला, ती तुमच्या धंद्याची गरज. दुसऱ्यात 'काय'. व्यवस्थेनं काय काय काम करायचं ते. तिसऱ्यात 'कशाच्या जोरावर'. यंत्र कसलं, पावसात चालेल का, इंटरनेट गेलं तर काय, ते सगळं."

"लिही की मग," विच्को म्हणाला. "मला यादी पाहिजे. कोण चढलं त्याची."

"हे 'काय' झालं. यादी कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? यादी असावी माणसाकडे!"

धक्क्यावर तिकिटे देणारी लुक्रा हसली. "माझं लिही गं. तिकीट झटपट निघालं पाहिजे. आणि आकडे मोठे दिसू देत, माझे डोळे काही आता चांगले राहिले नाहीत."

असे प्रत्येकाने काही ना काही सांगितले. वहीचा दुसरा भाग भरला, तिसराही भरला. पहिल्या भागात मात्र शहरातल्या साहेबांनी फोनवर सांगितलेली एकच ओळ होती: बोट वेळेवर सुटावी आणि प्रवाशांची नोंद राहावी.

निघताना दोरोतेयाचे लक्ष माझ्याकडे गेले. "हे काय आहे?"

मित्रांनो, त्या क्षणाची मी आजही आठवण काढतो. विच्को जरा ओशाळला. शहरातल्या शिकलेल्या मुलीपुढे त्याला माझी लाज वाटली.

"काही नाही, जुना फळा आहे. म्हाताऱ्यांची सवय," तो म्हणाला.

पाल्माचे नाव कोणी घेतले नाही. कोणी मुद्दाम लपवले असेही नाही. माणूस मागे सोडायचा नाही, ही गोष्ट आमच्या लोकांना इतकी ठाऊक होती की ती सांगावी लागते हेच त्यांना ठाऊक नव्हते. मी मात्र सारे ऐकत होतो आणि मला तोंड नव्हते.

नवी व्यवस्था फार छान झाली. तिकीट झटपट निघे. चढलेल्या माणसांचा आकडा पडद्यावर दिसे. चारच्या ठोक्याला हिरवा दिवा लागे आणि बोट सुटे. पावसात यंत्र बंद पडले नाही. सगळे खूश झाले आणि मला खाली उतरवले.

लुक्राने मला आपल्या अंगणात नेले. उन्हाळ्यात ती माझ्या पाठीवर अंजिरे वाळवी. एरवी मला भिंतीला टेकवून खिळ्यांना लसणाच्या जुड्या लावी. मी रागावलो होतो, पण लसूण टांगून घेण्यापलीकडे काय करणार?

एकटा कुझ्मा मला विसरला नाही. लुक्राचे घर धक्क्याच्या वाटेवरच. शहरात जायचे असले की तो लसूण बाजूला सारून एकेचाळिसाव्या खिळ्याला बिल्ला अडकवी.

"बार्बा कुझ्मा, इथं लावून काय उपयोग?" लुक्रा चिडवायची; बार्बा म्हणजे आमच्याकडचे काका. "बोट तिकडं, फळा इकडं!"

"असू दे गं. सांगून गेलेलं बरं असतं."

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत एके दिवशी तो डोळे तपासायला गेला. दुपारनंतर जुगो सुटला, म्हणजे आमचा दक्षिणेचा ओला वारा, आणि पाऊस कोसळू लागला. संध्याकाळी बोट परतली. लुक्रा भाजीसाठी लसूण काढायला अंगणात आली आणि जागीच थबकली. एकेचाळिसावर बिल्ला होता. सुलटा.

तिने शेजारी कुझ्माचे दार ठोठावले. आत कोणी नव्हते. मग तिने मला तसेच लसणासकट काखोटीला मारले आणि धक्क्यावर धाव घेतली.

"विच्को! कुझ्मा कुठाय?"

"आला असेल घरी. अठरा चढले, अठरा उतरले. हिरवा दिवा लागला होता."

"सकाळी किती गेले होते?"

विच्कोने सकाळची यादी उघडली. एकोणीस. सकाळची यादी बरोबर होती, संध्याकाळचीही बरोबर होती. पण त्या दोन्ही एकमेकींशी ताडून पाहा, असे यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

विच्कोचा चेहरा पांढरा पडला. "आधी मी माणसं बघायचो लुक्रा," तो म्हणाला. "हल्ली मी दिवा बघतो."

शहरातल्या कचेरीने बोट परत न्यायला मनाई केली. विच्कोने फोन खिशात ठेवला आणि दोर सोडले. मला लुक्राने बोटीतच ठेवले होते. त्या लाटांत मी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात आपटत होतो.

कुझ्मा दगडी बाकावर होता, निथळत, ओठ निळे पडलेले. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्याला धड दिसत नव्हते. धक्क्यावर पोचायला त्याला सहा मिनिटे उशीर झाला होता.

"अरे, आडोशाला तरी जायचंस!" विच्को रडत ओरडला.

"हललो असतो तर तुम्हाला सापडलो नसतो," कुझ्मा हळूच म्हणाला. "फळ्याला सांगून आलो होतो. येणार हे ठाऊक होतं."

आठवड्याने दोरोतेया आली. या वेळी तिने मला मांडीवर घेतले आणि खिळ्यांवरून बोट फिरवत सगळी हकिकत ऐकली. पाल्माचीही.

"कॅप्टन, मनाई असताना तुम्ही परत का गेलात?"

"का म्हणजे? माणूस मागे राहिला होता."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"अगं पोरी," विच्को म्हणाला, "हे काय सांगायचं असतं?"

तिने वहीचा पहिला भाग पुन्हा उघडला. मग म्हणाली, "मीही फळा बघून पुढं निघून गेले. आणखी एकदा विचारायला हवं होतं." तिने पहिल्या भागातली जुनी ओळ खोडली नाही. तिच्यावर, सगळ्यांत वर, लिहिले: बेटाचा माणूस मागे राहता कामा नये. त्या एका ओळीने खालचे बरेच काही बदलले. आता दोन्ही याद्या एकमेकींशी ताडल्या जातात आणि एकही माणूस उरला तर दिवा लालच राहतो. मलाही पुन्हा दाराशेजारी जागा मिळाली. नवे यंत्र माझा वैरी नाही. त्याला जे सांगितले गेले नव्हते, ते त्याने केले नव्हते, एवढेच.

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू काढून नवी आणताना ती काय करते एवढेच विचारू नका, आणि ती कशाची बनली आहे एवढ्यावरही थांबू नका. ती कोणासाठी टांगली होती ते विचारा. समोरचा माणूस 'त्यात काय सांगायचं' म्हणाला, तर तिथे पुन्हा एकदा विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारले, तर लाजू नका, सांगा.

कुझ्मा त्या भिजण्यातून पुरता उठला नाही. अंजिरे पिकायच्या आत, आपल्या घरी, आपल्या खाटेवर तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लुक्रा बोटीवर आली. तिने त्याचा बिल्ला ओढणीने पुसला आणि एकेचाळिसाव्या खिळ्याला लावला. उलटा.

उलट्या बिल्ल्यासाठी बोट थांबवायची नसते, हा नियम आहे. तरीही रोज चार वाजता, दिवा हिरवा झाल्यावरही, विच्को त्या खिळ्यापुढे येऊन जरा वेळ थांबतो आणि मगच दोर सोडतो.