दोनदा मेलेला मुकादम

मी शेवटचं रीळ बोलतोय, एका जुन्या हिंदी मारधाडीच्या सिनेमाचं. आधीच्या रिळांत गाणी, रडारड, आईच्या शपथा. माझ्यात नुसती हाणामारी. हीरो गोदामाचं दार फोडतो, मुकादमाला साखळीने बडवतो आणि शेवटी मालाच्या हुकाला लटकवतो. गर्व म्हणा हवं तर, पण लोक तिकीट काढायचे ते माझ्यासाठीच.

थिएटर गोदीजवळ होतं. पुढच्या बाकांवर सगळे हमाल. दिवसभर मुकादमाच्या लाथा खायच्या आणि संध्याकाळी पडद्यावरच्या मुकादमाचं रक्त बघायचं. त्यांतल्या एका दांडग्याला सगळे पहिलवान म्हणत. त्याच्या भावाचा पाय खऱ्या मुकादमाने पहारीने मोडला होता आणि पहिलवानाला ब्रसुद्धा काढता आला नव्हता. तो रोज यायचा.

आमचे ऑपरेटर, म्हणजे मामा, तेही माझ्यावर जीव टाकायचे. मला आधीच डब्यातून काढून हाताशी ठेवायचे. त्यातच एकदा घोटाळा झाला. माझ्या आधीचं रीळ राहिलं बाजूला आणि मामांनी मलाच चढवलं. मुकादम लटकला, शिट्ट्या पडल्या. तेव्हा कुठे मामांना चूक कळली. सारवासारव करायला त्यांनी राहिलेलं रीळ घाईघाईने लावलं. झालं! नुकताच मेलेला मुकादम खदाखदा हसत हीरोच्या भावाला चाबकाने फोडायला लागला.

मग काय विचारता! खुर्च्या उडाल्या, डोअरकीपरचं डोकं फुटलं. पहिलवान मामांच्या मशीनच्या केबिनचं दार तोडून आत घुसला. त्याने मामांना भिंतीवर आपटलं, त्यांचा उजवा हात मशीनवर दाबला आणि रिळाच्या लोखंडी डब्याने ठेचला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला.

“मेलेला उठतोच कसा? बोल!” तो ओरडत होता आणि रडतही होता.

दुसऱ्या कोणीतरी मला उचललं, काडी पेटवली. मला वाटलं, संपलं.

“जाळू नका रे त्याला!” मामांच्या तोंडातून रक्त गळत होतं. “मुकादमाला परत मारतो. आत्ताच्या आत्ता!”

पहिलवानाने डबा टाकला. मामांनी डाव्या हाताने मला चढवलं आणि फिल्मची पट्टी मशीनमध्ये ओवायला पहिलवानच पुढे झाला. मोडक्या खुर्च्यांत उभं राहून सगळ्यांनी मुकादमाला पुन्हा मरताना पाहिलं.

तेव्हापासून रिवाजच पडला. दर खेळाला मी दोनदा लागायचो. वर्षं गेली, पण दुसऱ्या मरणाशिवाय कोणी जागचं हलायचं नाही.

आता थिएटर पडलंय. मी मामांच्या घरी असतो. अंगाला आंबूस वास येतो, कडा झिजल्यात. म्हातारा पहिलवान अधूनमधून येतो. मामा वाकड्या बोटांनी मला दिव्यासमोर धरतात आणि पहिलवान तोंडाने ठोसे वाजवतो.

“अहो भावजी, किती वेळा मारणार त्याला?” परवा मामी हसत म्हणाल्या.

“वहिनी, नातू गोदीवर लागलाय. काल त्याच्या पाठीवर वळ बघितले.”

मामींनी दिवा जवळ सरकवला. मामांनी मला परत पहिल्या ठोशापाशी नेलं.

एवढंच मागतो, मला भंगारात घालू नका. तो मुकादम अजून उठतोय.