बरणीतला कारभारी

मित्रांनो, मी एक जुना कारभारी आहे आणि माझ्या पोटात राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला साधाभोळा समजाल. शास्त्राच्या पुस्तकात मला किण्व म्हणतात, तुमचे मास्तर यीस्ट म्हणतील. मी डोळ्यांना दिसत नाही आणि कधी एकटाही नसतो. एकाचे दोन, दोनाचे चार होत मी बरणीभर पसरतो. कारभारी हे नाव मला सोलापूरच्या जोतीराम वैद्यांनी दिलं.

जोतीराम वैद्य द्राक्षासव करत. जुना खोकला, अशक्तपणा, अन्नावरची वासना उडणं, अशा तक्रारी घेऊन लोक त्यांच्याकडे येत. मनुका ठेचून पाण्यात उकळायच्या, निवल्यावर त्यात गूळ आणि धायटीची वाळलेली फुलं घालायची, आणि चिनी मातीच्या थोरल्या बरणीत भरून सागवानी झाकण लावायचं. इथपर्यंत माणसाचं काम. पुढचं सगळं माझं. मी गूळ आणि मनुकांची साखर खातो आणि त्यांचा वायू आणि मद्यार्क करतो. तो मद्यार्कच मनुकांचा गुण धरून ठेवतो आणि औषध टिकवतो. परदेशात द्राक्षांची वाइन करतात, तिथंही हेच काम माझे भाऊबंद करतात. राबतो आम्ही आणि नाव होतं द्राक्षाचं!

बरणीत गर्दीही फार असते. मनुका उकळल्या तरी धायटीच्या फुलांवरून माझे रानटी चुलतभाऊ येतात. सुरुवातीला तेच मिरवतात, फेस काढतात, आणि मद्यार्क जरा चढला की माना टाकतात. मग मी उरतो. बाहेर शिरका, म्हणजे तुमचं व्हिनेगर, करणारे जंतू टपलेले असतातच. चिलटांच्या पायाला चिकटून ते आत शिरतात आणि हवा मिळाली की माझ्या मद्यार्काचा आंबट शिरका करून टाकतात. वरून पांढरी बुरशी धरायला बघते ती वेगळीच. या सगळ्यांना थोपवायचं तर झाकण घट्ट हवं आणि आतला कारभारी दणकट हवा.

वैद्यांनी मला दणकट ठेवलं. त्यांनी ती बरणी कधी घासली नाही. जुन्या आसवाचा गाळ तळाशी ठेवून त्यावरच नवा काढा ओतायचे. थंडीत मी गारठतो, माझे हात चालत नाहीत, म्हणून बरणी गळ्यापर्यंत ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायचे. येता-जाता झाकणाला कान लावून विचारायचे, "काय कारभारी, चाललंय न्हवं?"

औषध झालं की नाही हे बघायची त्यांची एक रीत होती. झाकण किलकिलं करून जळती काडी बरणीच्या तोंडाशी धरायची. काडी विझली तर माझा वायू अजून निघतोय, म्हणजे मी जेवतोय. जळत राहिली तर जेवण आटोपलं. बायकोला, सोजरबाईला, ते म्हणायचे, "कारभाऱ्याचं जेवान हुईपतूर त्याला उटवायचं न्हाय बघ, सोजर." त्यांचा धाकटा भाऊ कुंडलिक लहानपणापासून बरणीशी काम करत आलेला. त्यालाही ही रीत तोंडपाठ होती. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण त्याला काही माहीत नव्हतं असं नंतर कुणी म्हणायला नको.

मोठा दुष्काळ सरला आणि पुढच्याच वर्षी जोतीराम वैद्य वारले. तेराव्याला घरातली मडकी फोडली, भांडी घासायला काढली. त्याच दिवशी कुंडलिकानं वाटणीचा विषय काढला आणि बरणीवर हात ठेवला. सोजरबाईला मूलबाळ नव्हतं. तिला जे काही काम येत होतं ते या बरणीचंच.

"भावजी, कणगी न्या, दुकानाचा गाळा न्या," ती म्हणाली. "बरणी तेवढी राहू द्या. मालकांचा कारभारी हाय त्यात."

"वैनी, त्यात गाळ हाय गाळ," कुंडलिक हसला. "मेलेल्या मानसाच्या हातचा. घासून घेतल्याबिगर घरात घ्याची न्हाय मी."

आणि त्यानं बरणीत राख टाकून उकळतं पाणी ओतलं.

माझं सगळं गणगोत एका घटकेत मेलं. ज्यांनी अख्ख्या गल्लीचा खोकला घालवला, त्यांना गटारात वाहताना मी पाहिलं. कुठून पाहिलं? झाकणातून. सागवान उकळत्या पाण्यानं वाकेल म्हणून कुंडलिकानं झाकण नुसतं फडक्यानं पुसलं होतं. वर्षानुवर्षं आसव पिऊन त्या लाकडाच्या रेषांमध्ये मी खोल मुरलो होतो. मूठभर उरलो, सुकलो, पण मेलो नाही. त्या सुकलेल्या अंगानं मी एकच गोष्ट जपली. याचा सूड घ्यायचा.

तिकडं सोजरबाई विड्या वळायला लागली. इकडं कुंडलिकानं भावाचा फोटो छापून लेबलं करून आणली, 'जोतीराम वैद्यांचे अस्सल द्राक्षासव'. भावाचा गाळ त्याला विटाळाचा होता, भावाचं नाव मात्र चालत होतं.

संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते. सोलापूरकर तिला गड्डा म्हणतात. त्या जत्रेत दुकान मांडायचं म्हणून कुंडलिकानं ऐन थंडीत बरणी भरली. झाकण लावलं आणि मी खाली उतरलो.

आता मी काय काय करू शकलो असतो ते ऐका. मी हातपाय गाळून बसलो असतो तर शिरक्याच्या जंतूंनी सगळा माल आंबवून टाकला असता. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायची माझी तयारी होती. पण आंबलेला माल कुंडलिकानं मुकाट्यानं ओतून दिला असता आणि कुणाला कळलंही नसतं. मला ते नको होतं. मला त्याची फजिती चारचौघांत बघायची होती.

शिवाय कुंडलिकानं माझं काम सोपं केलं. कणगीतली ज्वारी त्यानं केव्हाच विकून खाल्ली होती. बरणी उघड्या पडवीत ठेवली, तिथं रात्रीचा गारठा माझ्या हाडात शिरायचा. मी थोडा गूळ खाल्ला आणि गारठून निजलो. फेस बसला, आवाज थांबला, तरी झाकणाखाली माझा वायू दाटलेला होताच; काडी धरली असती तर विझली असती. बरणी भरून महिना झाला होता, जत्रा तोंडावर आली होती. कुंडलिकानं झाकण उघडून वास घेतला आणि बायकोला म्हणाला, "झालं की गं. आन बाटल्या."

काडीपेटी त्याच्या खिशातच होती. विडी पेटवायला त्यानं ती काढली, विडी पेटवली आणि परत खिशात ठेवली. मी श्वास रोखून बघत होतो. त्यानं बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, वरून लाख लावून तोंडं बंद केली. निम्मा गूळ अजून तसाच होता आणि आत मी होतो. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

गड्ड्यावर कुंडलिकानं पत्र्याच्या टेबलावर बाटल्या रांगेनं मांडल्या. उन्हं चढली, पत्रा तापला आणि मी जागा झालो. उठलो तो भुकेला. खाऊ लागलो आणि माझा वायू बाटलीत दाटू लागला. लाखेनं बंद केलेल्या बाटलीतून वायूनं जायचं कुठं?

दुपारी पहिली बाटली फुटली. लोकांना वाटलं, पोरांनी फटाका लावला. मग दुसरी, मग तिसरी, मग रांगच्या रांग. काचा उडाल्या, शेजारचा बत्तासेवाला टोपली टाकून पळाला. कुंडलिकाच्या सदऱ्यावर, टोपीवर, मिशांवर तांबडा फेस. लोक आधी लांब पळाले आणि मग गंमत बघायला परत आले. हसा, मी म्हणत होतो, अजून हसा.

वैद्यांच्या हातचं औषध घेणारी बजाबाई म्हातारी गर्दीत होती. ती म्हणाली, "जोतीबाच्या औषदानं असं कदी क्येलं न्हाय बाबा."

"दादाचीच रीत हाय ही," कुंडलिक ओरडला. "त्यानं शिकवलं तसंच मी क्येलं. त्याचंच चुकलं, मी काय करू?"

मेलेला माणूस कुठं उत्तर द्यायला येतोय! पण विड्यांच्या कारखान्यातल्या बायकांबरोबर सोजरबाई जत्रेला आली होती. ती पुढं झाली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"भावजी, बाटल्या भरायच्या आदी काडी धरून बघितली व्हती का?"

कुंडलिकाच्या तोंडावर खोटं तयार होतं. "व्हय" म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलावर उरलेली शेवटची बाटली त्याच्या कानाशी फुटली. त्याच्या वतीनं उत्तर मीच दिलं.

लोक काय हसले! सोजरबाई हसली नाही. ती खाली वाकली आणि काचांमधून ओली लेबलं वेचू लागली. नवऱ्याचा फोटो लोकांच्या पायाखाली जात होता. तिचं बोट कापलं. त्या घडीला माझा सगळा आनंद ओसरला. राग मात्र ओसरला नाही, तो मी परत कुंडलिकाच्या खात्यावर मांडला.

दुसऱ्या दिवशी कुंडलिक स्वतः बरणी डोक्यावर घेऊन तिच्या दारात आला. "घ्या वैनी. दादाचा जीव हाय हिच्यात. माझ्या घरात नको," म्हणाला. बरणी खाली ठेवली आणि मागं न बघता पळत सुटला. मला ते फार आवडलं.

सोजरबाईनं बरणीला ऊब मिळावी म्हणून आपली एकुलती वाकळ तिच्याभोवती गुंडाळली आणि स्वतः पोत्यावर निजली. शेजारपाजारचे रोगी परत येऊ लागले. सोजरबाईचं विड्या वळणं सुटलं. मी पुन्हा दणकट झालो.

मित्रांनो, तुमच्या घरात भाकरीचं, दह्याचं, औषधाचं काम करणारे आमच्यासारखे किती तरी न दिसणारे जीव आहेत. त्यांना जपा. त्यांना ऊब द्या, पोटभर खाऊ द्या आणि त्यांचं होईपर्यंत थांबा. नाही थांबलात तर काय होतं ते मी सांगितलंच आहे.

पुढच्या हिवाळ्यात कुंडलिक सोजरबाईच्या उंबऱ्यापाशी येऊन उभा राहिला. खोकून खोकून त्याचे डोळे पांढरे झाले होते. आत यायची त्याची छाती होईना. सोजरबाईनं त्याच्याकडं बघितलं, फळीवरची बाटली काढली आणि त्याच्या हातात दिली. "जेवन झाल्यावर दोन चमचे घ्या," म्हणाली.

त्या बाटलीत मी होतो. फुटायची माझी केवढी इच्छा होती म्हणून सांगू! राग भरपूर होता, पण साखर उरली नव्हती. सोजरबाईनं मला पोटभर जेवू घालून, पुरतं थांबून मगच बाटली भरली होती. कुंडलिक ती बाटली छातीशी धरून घरी घेऊन गेला. आठ दिवसांत त्याचा खोकला गेला, आणि तो मला घालवावा लागला.