आटवलेली देवी

देवीचा चांदीचा टाक खिशात घालून मी पारधी वस्तीवर निघालो, तेव्हा स्वतःवर बेहद्द खूश होतो. केवढा मोठ्या मनाचा माणूस मी!

माझे वडील गावचे पोलीस पाटील. पन्नास वर्षांपूर्वी आमच्या घरातले तोडे हरवले. पारध्यांशिवाय चोर कोण असणार? वडिलांनी आकाराम पारध्याला झोडपलं आणि त्याच्या पालातला देवीचा टाक चोरीचा माल म्हणून उचलून आणला. आठवड्याभरात तोडे आमच्याच कणगीत सापडले. काखेत कळसा, गावाला वळसा. वडील गप्प बसले. टाक परत करावा तर चूक कबूल करावी लागणार, मोडावा तर देवीचा कोप. म्हणून तो आमच्या देव्हाऱ्यात बसला. वडिलांनी हे मरताना सांगितलं.

द्यायचा तर चांगला द्यावा, म्हणून विट्याला सोनाराकडून आटवून नवा घडवून घेतला. जुन्याचं नाकडोळं पार झिजलं होतं.

आकारामची म्हातारी बायको, तानुबाई, दारात बसली होती. मी टाक पुढं केला. त्यांच्यात बाया देवाला शिवत नाहीत. तिनं हात मागं घेऊन, वाकून पाहिलं.

"ही न्हवं. आमची झिजल्याली हुती. चार पिढ्यांच्या बोटांनी."

"चांदी तीच हाय, तानुबाई. आटवून नवी केली."

"आटिवली?"

तिचा चेहरा बघवेना. मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "देवी काय, सगळीकडं एकच की."

"एकच हाय व्हय? मग तुमच्या देवळातली द्या आमाला."

शरमेनं माझी मान खाली गेली. मग कणगीतल्या तोड्यांचं सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मालक मरूस्तवर चोर म्हणूनच जगलं. आज मंगळवार, समदं गाव देवळात असंल. चला, तितं सांगा."

सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस मी. पाय उचलेना. वडिलांचा फोटो चावडीत आहे, हार घातलेला.

"बघू," मी म्हणालो. "पुढच्या मंगळवारी."

ती चिडलीही नाही. "मग ही घिऊन जावा. नवी चांदी आमच्यात कुणी बघितली, तर उद्या पुना आमीच चोर."

मी टाक शर्टाच्या आत घातला. सरळ वाट देवळावरून होती. ती सोडून, कुणी बघत नाही ना हे बघत, बांधाबांधानं घरी आलो.