तीन थरांचा रंग

गाडी अर्डिथच्या वडिलांची. पण ड्वेन तिला "माझी गाडी" म्हणायचा, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात असल्या गोष्टींवरून भांडण काढायचं नाही, हे अर्डिथ केव्हाच शिकली होती. एकावन्न सालची हिरवी सेडान. तेराव्या वर्षी मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर अर्डिथ हिच्यावरच चालवायला शिकली. लग्नानंतर ड्वेनने नऊ वर्षं खपून ती कोरी करकरीत केली. इतकी कोरी, की रस्त्यावर काढायची त्यालाच धास्ती. जुन्या गाड्यांच्या शोलासुद्धा गाडी ट्रेलरवर बसून जायची.

"एकदा मला चालवू दे," असं अर्डिथने म्हटलं की "पुढच्या उन्हाळ्यात" हे उत्तर ठरलेलं. यंदा मात्र डोळ्यांच्या डॉक्टरने तिच्या लायसन्सच्या कागदावर सही करायला नकार दिला. जुनं लायसन्स शुक्रवारपर्यंत चालणार होतं. आज शुक्रवार, आणि गाडीची बॅटरी चार्ज होत नव्हती.

सकाळपासून ड्वेन आणि क्लबातले जाणकार लाव्हर्न बॉनेटमध्ये डोकं खुपसून उभे होते. बॅटरी नवी, डायनॅमोचे कार्बन नवे, पट्टा घट्ट. डायनॅमोची फील्डची तार सरळ बॉडीला टेकवली की डॅशबोर्डवरच्या मीटरचा काटा टुणकन चार्जकडे पळायचा. म्हणजे डायनॅमो निर्दोष. तार चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला जोडली की काटा पुन्हा उलटा.

"रेग्युलेटर खराब," लाव्हर्न म्हणाले. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"तिसराही?" कॉफी आणत अर्डिथने विचारलं.

"आजकाल माल कुठे पूर्वीसारखा येतो, वहिनी."

"चौथा मागवलाय, मंगळवारी येईल," ड्वेन म्हणाला. "रविवारी शोला ढकलून लावू रांगेत. मंगळवारी तू चालव की खुशाल."

मंगळवारी! अर्डिथला असा संताप आला की कप ठेवताना कॉफी सांडली. या माणसाला गाडीच्या एकेका स्क्रूचं साल तोंडपाठ, आणि बायकोच्या लायसन्सची तारीख लक्षात नाही.

ती पुढे झाली. समोरचं धूसर दिसायचं तिला, म्हणून तिने रेग्युलेटरच्या बुडाशी बोट फिरवलं. काचेसारखं गुळगुळीत.

"याच्या खालीही रंग आहे?"

"आहे म्हणजे? तीन थर," ड्वेनची छाती फुगली. "भट्टीत भाजलेला."

"बाबा इथे रंगाचा थेंब लागू द्यायचे नाहीत. याला अर्थिंग बॉडीतूनच मिळतं ना?"

लाव्हर्न खाकरले. "तत्त्वतः... हो."

"मग रंगातून करंट जाणार कसा? काखेत कळसा आणि गावाला वळसा. खरवडा तो."

"खरवडायचा? अगं, शोमध्ये दोन गुण जातील!"

अर्डिथने पाना उचलला. बॅटरीची तार काढली, रेग्युलेटर सोडवला आणि पॉलिशपेपरने त्या जागेवरचा रंग घासायला घेतला. खालचा पत्रा लख्ख होईपर्यंत घासला. ड्वेन असा बघत होता, जणू त्याच्याच पाठीचं सालटं निघतंय. सगळं परत जोडून तिने इंजिन चालू केलं. काटा चार्जकडे सरकला आणि तिथेच राहिला. लाव्हर्नना घरचं काहीतरी काम आठवलं.

ती स्टिअरिंगमागून हलली नाही. ड्वेन नाइलाजाने शेजारच्या सीटवर बसला. या सीटवर तो इतक्या वर्षांत कधी बसलाच नव्हता. खडीच्या रस्त्यावर धुरळा उडाला, तसा त्याने डोळे मिटले.

"काटा कुठे आहे?" अर्डिथने विचारलं.

त्याने डोळे उघडून पाहिलं. "चार्जवर." मग तिच्याकडे वळून, "तुला दिसत नाही?"

"काटा नाही दिसत. कडेची कुंपणं दिसतात, त्यांच्या अंदाजाने चाललेय. वर्षभर सांगतेय तुला."

पुढचे दोन मैल तो रंगाबद्दल एक अक्षर बोलला नाही. पुढे वळण आलं की सांगत राहिला. चौकातल्या चर्चपाशी तिने गाडी हळू केली.

"परत जाताना मी घेऊ का चालवायला?" तो हलकेच म्हणाला.

"उद्यापासून तूच आहेस," ती म्हणाली. "आज गप बस."