मी अरासेलीच्या डोळ्यांवरचा चष्मा

चष्मा म्हणवतो खरा, पण माझ्यातून बघून कुणाला जास्त दिसत नाही. माझं काम वेगळं. आम्ल उडालं, काच फुटली, तर आधी माझ्यावर. रबरी कडा, मागे ताणाचा पट्टा; रूप काही सांगण्यासारखं नाही.

कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यात, बदामाच्या बागांमधल्या एका गावातल्या कम्युनिटी कॉलेजच्या दुकानात मी टांगलेला होतो. अरासेली मोंतेसने मला तिथून उचललं, डोळ्यांवर चढवून बघितलं आणि आरशात स्वतःलाच हसली. तेहेतीस वर्षांची बाई. दिवसभर सलूनमध्ये लोकांचे केस रंगवायची आणि संध्याकाळी वर्गात बसायची. तिचा बेत इथल्या पुष्कळांसारखाच होता: पहिली दोन वर्षं गावात काढायची आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. विषय रसायनशास्त्र.

विद्यापीठाने तिला घेतलंही. अट एकच होती, सेंद्रिय रसायनाचा दुसरा भाग उन्हाळ्याआधी पुरा करायचा.

आणि जानेवारीत पेट्रोसियन बाईंनी तिला बाजूला घेतलं. या विषयाच्या त्याच शिक्षिका, आणि लपवालपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. वर्गाला तीन विद्यार्थी कमी पडत होते. सोमवारपर्यंत मिळाले नाहीत, तर वर्ग रद्द. म्हणजे अरासेलीची जागाही गेली.

ती विभागप्रमुखांकडे गेली. माणूस वाईट नव्हता. नियमापुढे माझं चालत नाही, म्हणाले.

"मग सोमवारपर्यंत वर्गाला हात लावू नका," अरासेली म्हणाली, आणि निघाली.

शेजारच्या गावातला असाच वर्ग आधीच बंद पडला होता. तिथल्या दोघी हिरमुसून घरी बसल्या होत्या. अरासेलीने त्यांना शोधून काढलं आणि स्वतःच्या गाडीतून आणून नावं घालायला लावली. उरला एक.

तो एक म्हणजे केंग वांग. पहिल्या भागात तो तिच्याच टेबलावर होता. चाळिशीचा, अबोल माणूस. कसाबसा पास झाला आणि विद्यापीठ आपल्यासाठी नाही असं ठरवून घरच्यांच्या भाजीच्या गाळ्यावर परत गेला. शनिवारच्या बाजारात धुकं इतकं दाट होतं की पुढचा गाळा दिसेना. मी अरासेलीच्या पिशवीतून ऐकत होतो.

तिने सगळं सांगितलं. केंग गवती चहाच्या जुड्या बांधत राहिला.

"मला मोजायला आलीस, की बोलवायला?" त्याने विचारलं.

"मोजायलाच आले होते," ती म्हणाली. "पण आता इथे तुझ्यासमोर उभी राहून बोलवतेय. तू पास होशील की नाही ते मला माहीत नाही, केंग. तुला सोडून दुसऱ्या कुणाबरोबर मला प्रयोग करायचा नाही, एवढंच माहीत आहे."

त्याने हातातली जुडी बांधून पुरी केली. मग बायकोला हाक मारून सांगितलं, सोमवारी गाळ्यावर तू बस.

वर्ग चालला. सोपं काहीच नव्हतं. एक प्रयोग असा होता की भांड्यात ओलाव्याचा अंश राहिला, तरी तो सुरूच होत नाही. बाहेर आठवडाभर धुकं, आत मी वाफेने आंधळा. दोघांनी भांडी पुन्हा भट्टीत वाळवली, पुन्हा मांडणी केली. शेवटी द्रव गढुळला, बुडबुडे आले, आणि केंग, तो अबोल केंग, चक्क शिट्टी वाजवायला लागला. पेट्रोसियन बाई रागावल्या नाहीत.

मे महिन्यात दोघंही पास झाले. केंग जवळच्या विद्यापीठात गेला, अरासेली समुद्राकाठच्या.

आता मी तिथे असतो. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "कम्युनिटी कॉलेजात हे सगळं शिकवतात?" तिने ते सरळ मनाने विचारलं होतं.

"शिकवतात," अरासेली म्हणाली. "वर्ग भरला तर. म्हणून आम्ही भरला."

माझ्या काचेवर आता ओरखडे आहेत, पट्टाही सैल झालाय. नवा घे म्हणतात, ती घेत नाही. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे: आमच्यापैकी कुणाला कपाळावर चढवून मिरवू नका. पट्टा ओढा, डोळ्यांवर घ्या, आणि खुशाल कामाला लागा. पुढचं आम्ही बघतो.