माझी वाफ माळ्यावर कोंडली

मित्रांनो, मी एक जुना एक्झॉस्ट पंखा आहे. वय चारच वर्षं, पण बाथरूमच्या वाफेत चार वर्षं काढली की कोणीही जुनाच होतो! आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: मी रागात आहे.

माझा जन्म पावणे गावातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या सुचिताताईंनी माझी पाती बसवली, मला चालू केलं आणि समोर कागद धरला. कागद चटकन येऊन माझ्या जाळीला चिकटला. त्या म्हणाल्या, हा दमदार आहे. केवढा फुगलो होतो मी! मला वाटलं, आता आयुष्यभर लोकांच्या घरातली वाफ बाहेर फेकायची आणि शाबासकी घ्यायची.

खांदेश्वरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, सुगतदादांनी मला आणलं. घरात त्यांची आई बायजाबाई आणि मुलगी मैत्री, आठवीतली. बाथरूमच्या डोक्यावर माळा होता. मला बाथरूमच्या छतात बसवायचं, पाईप माळ्यावरून न्यायचा आणि भिंतीला भोक पाडून बाहेर काढायचा, असं ठरलं. पण सेक्रेटरी नंदकुमारसाहेबांनी हात वर केले. बिल्डिंगला नुकताच रंग दिलाय, समोरच्या भिंतीला भोक पडणार नाही, नियम म्हणजे नियम.

सुगतदादा भांडणाला घाबरणारा माणूस. वायरमन अरविंदने डोकं चालवलं, "दादा, टेन्शन नको. पाईप माळ्यावरच सोडतो. दिसणार पण नाय."

आणि खरंच सोडला! पाईपचं तोंड माळ्यावर उघडं, माळ्याचं दार बंद. बटण दाबलं, आरशावरची वाफ गेली, सगळे खूश. अरे, पण गेली कुठे? एकानेही विचारलं नाही. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

माळ्यावर बायजाबाईंच्या गोधड्या होत्या. त्यांनी स्वतः शिवलेल्या, त्यातली एक त्यांच्या आईच्या लुगड्याची. मी रोज तीन माणसांच्या आंघोळीची वाफ त्या गोधड्यांवर ओतत होतो. माझ्याच पात्यांनी! कापूस ओला झाला, मग काळे ठिपके आले. थंडीत मैत्रीसाठी तीच लुगड्याची गोधडी खाली निघाली. कुबट वास आला, तर बंद राहिल्याचा असेल म्हणून कोणी बोललं नाही.

आठवड्याभरात मैत्रीच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. चार पायऱ्या चढली की बसायची. कबड्डीच्या टीममधून तिचं नाव निघालं. घरचे कधी हायवेच्या धुळीला दोष द्यायचे, कधी तिच्या बर्फाच्या गोळ्याला. सुगतदादा तर एकदा कुबट वासाला वैतागून माझ्याकडे बघत म्हणाले, हा पंखाच बेकार निघाला. मित्रांनो, मी बेकार? मी?

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरात कुठे ओल आहे का. सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. मैत्रीला मात्र ते पटलं नाही. घरी आल्यावर तिने बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडला, मला चालू केलं, तोंडाला ओढणी बांधली, शिडी लावली आणि माळ्याचं दार उघडलं. माझी गरम, ओली वाफ थेट तिच्या तोंडावर आली.

"आजी, हा पंखा बाहेर फेकतच नाय. आपल्याच घरात फेकतोय."

बायजाबाईंनी मैत्रीच्या अंथरुणातली लुगड्याची गोधडी ओढून घेतली. ती गोधडी खांद्यावर टाकून थेट सोसायटीच्या ऑफिसात गेल्या आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. साहेब नियम सांगायला लागले.

"आधी हुंगा, मग नियम सांगा," बायजाबाई म्हणाल्या. "भिंत तुमची कोरडी राहिली साहेब, छाती माझ्या नातीची भरली."

मागून मैत्रीने शांतपणे विचारलं, "काका, समोरच्या भिंतीवर तुमच्या एसीचं खोकं लटकतंय, ते कुठल्या नियमात बसतं?"

साहेबांनी रुमाल काढला आणि नाक पुसलं. परवानगी त्याच दिवशी मिळाली.

अरविंद मान खाली घालून आला. या वेळी पाईप भिंतीच्या आरपार गेला, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन, म्हणजे पाणी परत माझ्यावर येणार नाही. टोकाला माझ्या वाऱ्याने उघडणारी झडप बसली. बाकीच्या गोधड्या धुऊन गच्चीवर वाळल्या. लुगड्याची मात्र वाचली नाही. हातात घेतली की फाटत होती. बायजाबाईंनी तिचा एक टाका उसवून दोरा तेवढा ठेवला.

म्हणून माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, पंखा लावलात की नुसतं बटण दाबून खूश होऊ नका. घराबाहेर जाऊन उभे राहा आणि आमची झडप उघडते का ते डोळ्यांनी बघा. आम्ही फक्त ढकलतो. कुठे ढकलायचं ते तुम्ही ठरवता.

रोज सकाळी आजी आंघोळीला जाते, तेव्हा मैत्री खाली गेटपाशी रिक्षाची वाट बघत असते. मी फिरायला लागतो, झडप उचलली जाते. ती वर बघते आणि एक लांब श्वास घेते. शिट्टी वाजत नाही.