केनेशबेकच्या वाट्याचं हाड

सकाळपासून शूटिंग एकाच जागी अडून बसलं होतं आणि ते अडवणारा होता ओमुरझाक, गावातला मानाचा म्हातारा. सिनेमा केनेशबेकवर होता. हा गावचाच पोरगा, पुढे प्रांताचा गव्हर्नर झाला, आणि वरचं उन्हाळी कुरण सोन्याच्या खाणवाल्यांच्या घशात घालून, बोभाटा होताच देश सोडून पळाला. आता शहरातली माणसं येऊन त्याचं आयुष्य पडद्यावर मांडणार होती. पळपुट्यांचंही नशीब असतं बघा!

प्रसंग तसा साधा होता. नवा गव्हर्नर गावी जेवायला येतो आणि ओमुरझाक मेंढीच्या कमरेचं मानाचं हाड सगळ्यांदेखत त्याला देतो. खरा ओमुरझाक धडधाकट असताना नट कशाला, म्हणून युर्टमध्ये, त्या नमद्याच्या गोल तंबूत, त्यालाच बसवला होता.

पण कॅमेरा सुरू झाला की त्याचा हात समोरच्या तरण्या नटाला ओलांडून जायचा आणि हाड जाऊन पडायचं बेक्तेनच्या पुढ्यात. बेक्तेन तिथला सगळ्यात वडीलधारा. कमरेचं हाड वयाचा मान म्हणून थोरल्यालाच द्यायचं, हे त्या हातात जन्मभर मुरलेलं होतं.

"कट! आजोबा, पुन्हा तेच?" दिग्दर्शिका मेरिम कपाळाला हात लावून म्हणाली.

"काय करू पोरी, हात ऐकत नाही."

"अहो, तुम्ही तरी कधी कुणाचं ऐकलंत?" चहा ओतणारी त्याची बायको बातमा म्हणाली. "हाताला कशाला बोल लावता!"

"चालू द्या, चालू द्या," बेक्तेन दाढीवरची चरबी पुसत म्हणाला. "माझी काही तक्रार नाही."

सगळे हसले. ओमुरझाक हसला नाही. वयाचा रिवाज मोडून त्यानं ते हाड जन्मात एकदाच एका तरुणाला दिलं होतं, ते केनेशबेकला. पुढे कुरण गेलं तसं लोक त्याला तोंडावर म्हणू लागले, तूच त्याला डोक्यावर चढवलंस. तो एकच उत्तर द्यायचा: मी हाड दिलं तेव्हा पोरगा स्वच्छ होता, नंतर बिघडला. या एका वाक्याच्या आधारावर तो गावात मान वर करून फिरत होता. मात्र ते वाक्य खरं आहे की नाही, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

मेरिमनं सगळ्यांना जरा मोकळं सोडलं. ओमुरझाक चहाच्या समोवारपाशी गेला. तिथे केनेशबेकचं काम करणारा नट एलामान चहा पीत बसला होता.

"बाळा, तू त्याला भेटून आलास म्हणे?"

"हो आजोबा. चांगला महिनाभर त्याच्याकडे राहिलो. त्याची चाल, बोलणं, सगळं उचलायचं होतं ना."

"गुडघा दुखतो का अजून? घोड्यावरून पडला होता लहानपणी."

"दुखतो. जिना चढताना कण्हतो."

"आणि जेवतो काय तिकडे?"

"काही ना काही. नावं ठेवत जेवतो."

म्हाताऱ्याला हसू आलं. असले आणखी चार प्रश्न झाले. मग त्यानं पेला खाली ठेवला आणि खरा प्रश्न काढला.

"कुरणाच्या कागदावर त्यानं सही कधी केली? इथं जेवला त्याच्या आधी, की नंतर?"

एलामान घुटमळला. "आधी, आजोबा. सही करूनच तो इकडे यायला गाडीत बसला होता."

म्हणजे ओमुरझाकचं ते एक वाक्य तिथंच संपलं. तरी त्याला विचारल्यावाचून राहवेना. "मग माझ्या हातून हाड घेताना त्याला काय वाटलं असेल रे?"

"मीही नेमकं हेच विचारलं. मला वाटलं होतं, घास अडकला असेल, तुमच्याकडे बघवलं नसेल. तो हसायला लागला. म्हणाला, छे रे, सपाटून भूक लागली होती. तसं मटण पुन्हा कुठं मिळालं नाही."

 म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल पोरी," त्यानं मेरिमला हाक मारली, "लाव तुझं यंत्र."

या खेपेला हात चुकला नाही. दोन्ही हातांनी, आशीर्वाद पुटपुटत त्यानं हाड एलामानसमोर धरलं. एलामाननं ते घेतलं, पण तोंडाशी नेईना. त्याचे डोळे भरून आले. मेरिमला ते भलतंच आवडलं. तिनं कॅमेरा आणखी जवळ न्यायची खूण केली.

"थांबव पोरी, हे खोटं आहे," ओमुरझाक म्हणाला आणि नटाकडे वळला. "रडू नकोस बाळा, खा. तो पोटभर जेवला होता. हाड चोखून पांढरं केलं होतं त्यानं. आणि मी समोर बसून कौतुकानं बघत होतो."